शाकाहारी माणसाने प्राणिजन्य घटक नेमके कुठे शोधावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातील एका जैन कुटुंबातील मुलगा शिक्षणासाठी कोल्हापुरात खोली घेऊन राहतो, दोन्ही वेळा मेसमध्ये जेवतो आणि मधल्या वेळेत बिस्किटे, नूडल्स, केक असे काही ना काही खातो. मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये ४७१, ६३१, ९२० अशा आकड्यांना प्राणिजन्य ठरवलेले पाहून त्याच्या आईने घरातील निम्मी पाकिटे टाकून दिली आहेत. साखर हाडांच्या कोळशाने पांढरी करतात हे खरे का, बेकरीतला ‘एगलेस’ केक चालेल का आणि डॉक्टरांनी मुलाला दिलेल्या कॅल्शिअम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचे काय करावे, असे त्या विचारतात.

अन्नप्रक्रिया कारखान्यांत गुणवत्ता तपासणीचे काम अनेक वर्षे केलेले असल्याने माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात छापील वेष्टनात येणाऱ्या खाद्यपदार्थांविषयी लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात आणि ज्या वस्तूंवर कोणतेही चिन्ह नसते, म्हणजे हॉटेलातील रस्सा, बेकरीच्या काउंटरवरील सुटा माल, परदेशातून आलेला खाऊ आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषधे, त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. आपले लक्ष या दुसऱ्या बाजूला वळले, तर अर्धे काम झालेच म्हणून समजा.

त्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवावी लागेल, ती म्हणजे आपली मर्यादा. कायद्याची शाकाहाराची व्याख्या आणि जैन घरातील व्याख्या एक नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनुसार कोणताही प्राणी, पक्षी, कीटक, मासा, अंडे किंवा त्यांपासून मिळालेला पदार्थ अन्नात असेल, तर ते अन्न मांसाहारी ठरते. परंतु दूध व दुग्धजन्य पदार्थ, मध, मधमाशीचे मेण आणि लाख यांना त्या व्याख्येतून वगळलेले आहे. लाख ही किड्यांच्या स्रावापासून मिळते आणि ती ९०४ या क्रमांकाने चकचकीत गोळ्या-चॉकलेटांच्या लेपात, तसेच काही फळांवरच्या मेणात वापरली जाते. म्हणजे मध न खाणाऱ्या किंवा लाख टाळू इच्छिणाऱ्या माणसाला केवळ हिरवा ठिपका पाहून चालणार नाही. कांदा, लसूण, बटाटा यांचा तर त्या ठिपक्याशी काहीच संबंध नाही. ज्यांची मर्यादा ‘मांस, मासे, अंडी, चरबी आणि हाडे नकोत’ एवढीच आहे, त्यांच्यासाठी मात्र हा ठिपका बराचसा पुरेसा आहे.

हे चिन्ह नीट ओळखावे. हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थासाठी पूर्वी तपकिरी चौकटीत तपकिरी गोल असे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी त्या गोलाच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला, कारण रंगांधळ्या व्यक्तीला हिरवा आणि तपकिरी गोल सारखेच दिसत. पाण्याच्या बाटलीवर, सोड्यावर किंवा दुधाच्या पिशवीवर चिन्ह दिसले नाही म्हणून शंका घेऊ नये, कारण या वस्तूंना ते लावण्याची सक्ती नाही. मद्यालाही नाही, आणि तिथे मात्र ही सूट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण काही वाइन आणि बिअर निवळण्यासाठी माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ किंवा अंड्याचा पांढरा भाग वापरला जातो.

आता आकड्यांकडे येऊ. हे आकडे म्हणजे पूरक द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत, आणि बहुतेक क्रमांक पदार्थाचे नाव सांगतात, त्याचा उगम सांगत नाहीत. ४७१ म्हणजे स्निग्धाम्लांची मोनो व डायग्लिसराइड्स. ती पामतेलापासून होतात तशीच गुरांच्या चरबीपासूनही होऊ शकतात, आणि तयार झालेल्या भुकटीकडे पाहून फरक कळत नाही. ४७२ आणि ४८१ यांचेही तेच. ३२२ हे लेसिथिन बहुधा सोयाबीनचे असते, क्वचित अंड्याचे. ६३१ म्हणजे डायसोडिअम इनोसिनेट, नूडल्सच्या मसाल्यात आणि चिप्समध्ये चव वाढवण्यासाठी घातले जाणारे द्रव्य. ते मासे किंवा मांसापासून काढता येते, पण साखर किंवा स्टार्च आंबवूनही मोठ्या प्रमाणावर तयार होते. ९२० म्हणजे एल-सिस्टीन, मैद्याची कणीक मऊ करणारे अमिनो आम्ल, जे पिसे व केसांपासून मिळवत आणि आता आंबवण्याच्या प्रक्रियेनेही मिळते. याउलट काही क्रमांक निःसंदिग्ध आहेत : १२० म्हणजे कोचिनिअल किड्यांपासून काढलेला लाल रंग, ५४२ म्हणजे हाडांचे फॉस्फेट आणि ११०५ म्हणजे लायसोझाइम, जे सहसा अंड्याच्या पांढऱ्या भागापासून काढतात. हे दिसले की पाकीट खाली ठेवावे.

मग संदिग्ध क्रमांकांचे काय करायचे? इथे कायदा आपल्या बाजूने आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमके याच विषयावर आदेश दिला. त्यात ६३१ चे उदाहरण घेऊन असे म्हटले होते, की प्राणिजन्य घटक कितीही अल्प प्रमाणात असला तरी तो पदार्थ मांसाहारीच ठरतो आणि केवळ सांकेतिक क्रमांक छापून उत्पादकाची जबाबदारी संपत नाही. तेव्हा भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवे चिन्ह असेल आणि घटकांच्या यादीत ४७१ असेल, तर ते वनस्पतिजन्य असल्याची हमी उत्पादकाने कायद्याने दिलेली आहे. कारखान्यात असताना असा कच्चा माल घेण्यापूर्वी आम्ही पुरवठादाराकडून तो वनस्पतिजन्य असल्याचे लेखी प्रमाणपत्र मागवत असू, आणि त्याशिवाय ट्रक आत घेतला जात नसे. प्रत्येक उत्पादक तेवढाच काटेकोर असेल असे मी म्हणणार नाही. पण मोबाइलवरील यादी पाहून हिरव्या चिन्हाची पाकिटे केराच्या टोपलीत टाकणे अनाठायी आहे. यादी वाचायचीच असेल, तर तिच्याखालची ॲलर्जीविषयक ओळ वाचावी. अंडी, मासे, कोळंबीवर्गीय प्राणी असतील तर तिथे स्पष्ट लिहावे लागते, आणि आकड्यांच्या जंगलात शिरण्यापेक्षा ती एक ओळ अधिक उपयोगी पडते. जिलेटिनही नावानिशी लिहिलेले असते. जेली, मार्शमेलो, चघळण्याच्या मऊ गोळ्या आणि काही फळयुक्त दह्यांत ते सापडते. त्याऐवजी पेक्टिन, कॅरॅजिनन किंवा आपल्याकडचा चायना ग्रास वापरलेला असेल, तर तो सारा माल वनस्पतिजन्य आहे.

साखरेचा प्रश्न कोल्हापुरात विचारला जावा याचे मला थोडे नवल वाटते, कारण इथे प्रत्येक घरातील कोणी ना कोणी कारखान्याच्या सभासदत्वाशी किंवा ऊसतोडीशी जोडलेला असतो. हाडांचा कोळसा वापरून साखर शुद्ध करण्याची पद्धत अमेरिकेतील काही उसाच्या साखर-शुद्धीकरण कारखान्यांत आहे, आणि मोबाइलवरचा मजकूर तिथूनच उचलून भाषांतरित झालेला असतो. आपल्या जिल्ह्यातील कारखान्यांत प्रामुख्याने सल्फिटेशनची पद्धत चालते : रस तापवतात, त्यात पाण्यात कालवलेला चुना घालतात, गंधक जाळून तयार केलेला वायू सोडतात, गाळ खाली बसवतात आणि निवळलेला रस आटवून त्याचे स्फटिक करतात. त्यात लागणारे फॉस्फोरिक आम्ल खनिजापासून मिळते. जिथे शुद्ध साखरेसाठी रंग आणखी काढायचा असतो, तिथे रेझिन किंवा वनस्पतिजन्य सक्रिय कोळसा वापरतात. गंधक नको म्हणून कोणी साखर टाळत असेल, तर तो आरोग्याचा किंवा आवडीचा वेगळा मुद्दा आहे. हाडांचा इथे संबंध नाही.

गुळाची गोष्ट तर अधिकच निर्धोक. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळू लागला, की गुळव्या भेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात घालतो. त्या बुळबुळीत रसाला मळी चिकटून वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. थोडा चुना घालतात, उतू जाऊ नये म्हणून थोडे तेल सोडतात. पिवळाधमक गूळ हवा असणाऱ्या बाजारासाठी काही जण हायड्रॉस नावाने ओळखले जाणारे रसायन वापरतात. ते टाळायचे असल्यास गडद तपकिरी गूळ घ्यावा. यात प्राणिजन्य काहीही नाही.

मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाबद्दल मात्र लोकांची शंका रास्त होती. पारंपरिक पद्धतीत चांदीचे तुकडे बैलाच्या आतड्यापासून केलेल्या पातळ थरांमध्ये ठेवून तासन्‌तास हातोड्याने ठोकत. २०१६ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्ख तयार करण्याच्या कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरण्यास मनाई केली, आणि आता यंत्रावर कागदात किंवा कृत्रिम पत्र्यात कुटलेला वर्ख सहज मिळतो. तरीही सुट्या मिठाईच्या दुकानात वर्ख कुठून आला हे विचारण्यास हरकत नाही. दुकानदार ‘मशीनचा वर्ख’ असे सांगतो तेव्हा त्याच्याकडे त्या पुडीचे छापील वेष्टन असायला हवे. नसेल तर वर्ख नसलेली बर्फी घ्यावी, चवीत काडीचा फरक पडत नाही.

बेकरीतला ‘एगलेस’ हा शब्द फक्त अंड्याविषयी बोलतो. साधा एगलेस स्पंज केक बहुधा शाकाहारीच असतो, कारण त्यात वापरायचा केक-जेल हा वनस्पतिजन्य पायसकारकांचा असतो. अडचण थंड गोड पदार्थांत येते. मूस, चीजकेक, थरांचे पुडिंग यांना आकार धरून ठेवण्यासाठी जिलेटिन लागते आणि त्यात अंडे नसल्याने विक्रेता निर्धास्तपणे ‘एगलेस आहे’ असे सांगतो. तो खोटे बोलत नसतो, आपणच चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. केकवरच्या साखरेच्या आवरणात, फाँडंटमध्ये, चमकदार मण्यांतही जिलेटिन किंवा लाख असू शकते. कोल्हापुरातील आइस्क्रीम कॉकटेल मुलाला आवडत असेल, तर त्यातील जेलीचे तुकडे कशाचे आहेत हे एकदा विचारून ठेवावे आणि शक्य असल्यास जेलीचे पाकीट पाहावे. टुटीफ्रुटीबद्दल घाबरू नये. ती कच्च्या पपईची असते. चीजबद्दलही भारतात फारशी भीती नाही, कारण आपल्या मानकांतच दूध साकळवण्यासाठी प्राणिजन्य नसलेले रेनेट वापरावे अशी अट आहे. परदेशात गेल्यावर मात्र गोष्ट बदलते : इटलीतील पार्मेजानो रेज्जानो हे चीज वासराच्या पोटातील रेनेट वापरल्याशिवाय त्या नावाने विकताच येत नाही.

आता मेस आणि हॉटेल. कोल्हापूर हे मटणाचे गाव आहे, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. बुधवारी आणि रविवारी तर निम्म्या शहराच्या चुलीवर मटण असते. त्यामुळे इथला प्रश्न कोणी मुद्दाम फसवण्याचा नसतो, एकाच स्वयंपाकघरात दोन्ही प्रकार होत असल्याचा असतो. पांढरा रस्सा मुळात मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, काजू, खसखस घालून होतो. त्याचा शाकाहारी अवतार अनेक ठिकाणी मिळतो आणि चांगल्या हाताचा असेल तर उत्तमही लागतो. पण गर्दीच्या वेळी कमी पडलेला रस्सा वाढवण्यासाठी कोणते पाणी घातले जाते, यावर सगळे अवलंबून असते. तांबड्या रश्श्याचे कांदा-खोबऱ्याचे वाटण एकदाच मोठ्या प्रमाणात परतून दोन्ही पातेल्यांत वाटले जाते, आणि ते परतताना मटणाच्या पातेल्यावरचा तवंग वापरला, तर पुढे ‘व्हेज कोल्हापुरी’ या नावाखाली येणाऱ्या भाजीत चरबी आलेलीच असते. मिसळीचा कट बहुधा या भानगडीत नसतो, कारण मिसळीची दुकाने बहुतेक फक्त मिसळच करतात. माझा पहिला सल्ला त्यामुळे सरळ आहे : मुलाने रोजच्या जेवणासाठी पूर्ण शाकाहारी खाणावळच निवडावी. मिश्र हॉटेलात जाणे भागच पडले, तर रस्सा आणि ग्रेव्ही टाळून डाळ, सुकी भाजी, दही, भाकरी असे जेवावे.

‘हे व्हेज आहे ना?’ या प्रश्नाचे उत्तर जगात सर्वत्र ‘हो’ असेच येते. त्याऐवजी कृतीविषयी विचारावे. ‘मामा, सूपमध्ये पावडर कुठली घालता?’, ‘पनीर आणि चिकन एकाच कढईत तळता का?’, ‘नानच्या पिठात अंडं असतं का?’ असे विचारले, की वेटर थांबतो, आत जाऊन विचारून येतो आणि बहुधा खरे सांगतो. चायनीजच्या गाड्यांवर हे प्रश्न विशेष महत्त्वाचे आहेत. तिथे मंचुरियन आणि चिकन एकाच तेलात तळले जाते, नूडल्स अंड्याच्या असू शकतात, सूपसाठी चिकनची पावडर वापरली जाते आणि काळपट सॉसच्या बाटलीत ऑयस्टर सॉस असू शकतो, जो शिंपल्यांच्या अर्कापासून करतात. वूस्टर सॉसमध्ये पारंपरिक कृतीनुसार अँकोव्ही नावाचे मासे असतात, थाई करीच्या लाल-हिरव्या वाटणात सुक्या कोळंबीची पेस्ट असते, किमचीत माशांचा सॉस असतो. मोठ्या हॉटेलांतील शेफ हे जाणतात आणि सांगतातही. गाडीवाल्याला मात्र बाटलीच दाखवायला सांगावी. मसाल्यातील दगडफुलाविषयी मला अधूनमधून विचारले जाते, म्हणून जाता जाता सांगतो : ते दगडावर व झाडांच्या सालीवर बुरशी आणि शैवाल एकत्र वाढून तयार होणारे धोंडफूल आहे, प्राणिजन्य नाही.

परदेशातून आलेल्या खाऊबद्दल फार लिहीत नाही. त्यावर आपले चिन्ह नसते, तेव्हा वर सांगितलेले संदिग्ध क्रमांक तिथे खरोखर संदिग्धच समजावेत, आणि शंका असल्यास खाऊ दुसऱ्याला देऊन टाकावा.

उरला औषधांचा भाग, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. औषधांवर शाकाहारी-मांसाहारी चिन्हाची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशी सक्ती ग्राह्य धरली नाही. त्यामुळे घरात हिरवा ठिपका तपासून बिस्किटे आणणारी माणसे रोज सकाळी नकळत जिलेटिन गिळत असतात. कॅप्सूलचे कवच, कडक असो वा मऊ, बहुधा जिलेटिनचे म्हणजे गुरांच्या किंवा डुकरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. सेल्युलोजपासून केलेल्या वनस्पतिजन्य कॅप्सूलही मिळतात आणि त्यांच्या वेष्टनावर तसे लिहिलेले असते. कॅल्शिअमच्या गोळ्यांच्या पट्टीवर ‘ऑयस्टर शेल’ असे शब्द दिसले, तर ते कॅल्शिअम शिंपल्यांचे आहे. खनिज कॅल्शिअम कार्बोनेट किंवा सायट्रेटची गोळी हा सोपा पर्याय आहे. ड३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून तयार होते. लोकर कातरताना मेंढीला मारलेले नसते, म्हणून काही जणांना ते चालते, काहींना चालत नाही. न चालणाऱ्यांसाठी दगडफुलाच्याच कुळातील वनस्पतिसदृश स्रोतापासून केलेले ड३ किंवा यीस्टपासूनचे ड२ मिळते. ‘+एफ’ चिन्ह असलेल्या पोषणवर्धित दुधा-तेलाची याबाबत काळजी नको, कारण तिथे ड जीवनसत्त्व वनस्पतिजन्य स्रोताचेच असावे असे मानक सांगते. ब१२ तर सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने आंबवूनच तयार होते, आणि शाकाहारी माणसाला त्याची कमतरता सहज होत असल्याने ते संशयाने सोडून देऊ नये. कॅप्सूलऐवजी गोळी घ्यावी, एवढेच. माशाच्या तेलाची ओमेगा-३ ची कॅप्सूल, कोलॅजनची भुकटी आणि सांधेदुखीसाठी दिले जाणारे ग्लुकोसामिन व काँड्रॉइटिन यांचा उगम आवर्जून विचारावा.

आयुर्वेदिक म्हणजे सारे झाडपाल्याचे, ही समजूतही तपासून घ्यावी. शंख भस्म, पोवळ्याची प्रवाळ पिष्टी, मोत्याच्या शिंपल्याचे मुक्ताशुक्ती भस्म, कवड्यांचे कपर्दिक भस्म, हरणाच्या शिंगाचे शृंग भस्म, अंड्याच्या टरफलाचे कुक्कुटांडत्वक भस्म, गाईच्या पित्ताशयातील खड्याचे गोरोचन, माखलीच्या हाडाचे समुद्रफेन ही सारी प्राणिजन्य द्रव्ये शास्त्रोक्त औषधांत वापरली जातात. शंखवटी आणि प्रवाळ पंचामृत घराघरांत असते. वैद्यांना आपली मर्यादा सांगितली, तर ते बहुतेक वेळा पर्यायी कल्प देतात. होमिओपॅथीत सेपिया, एपिस, लॅकेसिस ही औषधे अनुक्रमे माखली, मधमाशी आणि साप यांपासून केलेली असतात.

या मुलाच्या बाबतीत आईने एवढेच करावे : औषधाची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे किंवा जाणत्या औषधविक्रेत्याकडे जावे, तेच औषध गोळीच्या रूपात किंवा वनस्पतिजन्य कॅप्सूलमध्ये आहे का ते विचारावे आणि पर्याय हाती येईपर्यंत चालू औषध स्वतःहून थांबवू नये. घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तिच्या तारखेआधीच डॉक्टरांशी बोलावे. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून मिळते आणि विरघळणाऱ्या टाक्यांपैकी कॅटगट हा धागा मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याचा असतो. टाक्यांसाठी कृत्रिम धागा सहज उपलब्ध आहे आणि शस्त्रक्रियेपूर्वी सांगितल्यास डॉक्टर तो वापरतात. हेपॅरिनला पर्याय द्यायचा की नाही हे मात्र रुग्णाच्या प्रकृतीवरून त्यांनाच ठरवू द्यावे.